घरासाठी ब्रॉडबँड निवडताना: आधी जिन्यातली पेटी बघा, मग कंपनीचं नाव

कोथरूडच्या एका सोसायटीत जे नेट वर्षभर दगा देत नाही, त्याच कंपनीचं नेट दोन गल्ल्या पलीकडे पावसाळाभर बंद-चालू होत राहतं. दोन्ही घरांत प्लॅन तोच, बिल तेच, राउटरही तोच. म्हणून "सगळ्यात चांगली ब्रॉडबँड कंपनी कोणती?" या प्रश्नाचं शहरभर लागू पडेल असं उत्तर कुणी दिलं, तर त्यावर विसंबू नका. मोठ्या कंपन्यांच्या मुख्य तारा सहसा धडधाकट असतात. बिघडतं ते शेवटच्या दोन-चारशे मीटरमध्ये, गल्लीतल्या खांबापासून तुमच्या हॉलपर्यंत. ती तार कशी ओढली आहे आणि तुटल्यावर जोडायला कोण, किती वेळात येतं, यावर तुमचं पुढचं वर्ष कसं जाणार ते ठरतं. वेग आणि किंमत हे त्यानंतरचे प्रश्न, आणि या लेखातही ते नंतरच येतात.

पायरी १: तुमच्या दारापर्यंत कोण येतं ते शोधा

दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर पिन कोड टाकला की त्या भागात तारेची इंटरनेट सेवा कोण देतं, त्याची यादी मिळते. सुरुवात इथून करा, पण इथेच थांबू नका. एका पिन कोडमध्ये हजारो घरं असतात. कंपनीच्या संकेतस्थळावरही पत्ता टाकताच 'सेवा उपलब्ध' असं झळकतं आणि प्रत्यक्ष माणूस आला की म्हणतो, "तुमच्या विंगमध्ये पोर्ट, म्हणजे नवी तार जोडायची जागा, शिल्लक नाही."

खरी माहिती शेजाऱ्यांकडे असते, पण नीट विचारली तरच मिळते. "तुमचं नेट कसं आहे हो?" असं विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: शेवटचं कधी बंद पडलं होतं? चालू व्हायला किती वेळ लागला? तक्रार कॉल सेंटरला केली की थेट दुरुस्तीवाल्या मुलाला फोन लावला? तो रविवारी येतो का? रात्री साडेनऊ-दहाला अडकतं का? ही चौकशी आपल्याच विंगमध्ये करा, कारण शेजारच्या विंगची तार वेगळ्या पेटीतून आलेली असू शकते. घरून काम करणारं कुणी असेल, तर त्यांच्याकडे आधी जा. मीटिंगमध्ये आवाज तुटला की त्यांना ते लगेच कळतं. फक्त मालिका बघणाऱ्यांना कळतही नाही.

मग जिन्यातली पेटी बघा. बहुतेक इमारतींत ती मीटरखोलीच्या बाजूला किंवा जिन्याच्या वळणावर असते. काही ठिकाणी पेटीचं दार दोरीने बांधलेलं असतं. आत चार कंपन्यांच्या तारांचा गुंता, काळ्या टेपने गुंडाळलेले जोड, अ‍ॅडॉप्टरच्या वायरवर लोंबकळणारा स्विच (एका तारेचं नेट अनेक घरांना वाटणारा डबा), आणि त्याला वीज जिन्यातल्या दिव्याच्या होल्डरवरून घेतलेली. कुणी दिवा बंद केला की चार मजल्यांचं नेट गेलं. याउलट एखाद्या पेटीला कुलूप असतं, प्रत्येक तारेवर फ्लॅट नंबरची पट्टी असते, हिरव्या टोकाचे कनेक्टर रांगेत बसवलेले असतात आणि बंद झालेल्या जोडण्यांच्या तारा काढून टाकलेल्या असतात. ज्याची पेटी अशी आहे, त्याला माझ्या लेखी निम्मे गुण इथेच.

बाहेर पडलात की मान वर करून खांबाकडेही बघा. जमिनीखालून आलेली तार रस्ता खोदताना तुटते. खांबांवरून आणि गच्च्यांवरून आलेली तार वादळात, झाडाची फांदी पडल्यावर तुटते. गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग मोकळा करण्यासाठी पालिका दरवर्षी आडव्या लोंबणाऱ्या तारांवर बडगा उगारते, तेव्हा तर हमखास. तुम्ही मिरवणुकीच्या रस्त्यावर राहत असाल तर हा प्रश्न आधीच विचारून ठेवा: तुमची तार वरून येते की खालून?

पायरी २: कोणत्या प्रकारची जोडणी आहे ते ओळखा

जाहिरातीत सगळेच 'फायबर' म्हणतात. प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या गोष्टी त्या नावाखाली विकल्या जातात आणि त्यांत फरक मोठा आहे.

पहिली, थेट घरापर्यंत फायबर. काचेची बारीक तार तुमच्या हॉलमध्ये येते आणि ओएनटी नावाच्या डब्यात शिरते. भारतात यासाठी मुख्यतः जीपॉन हे तंत्र वापरतात. एका मुख्य तारेतून सुमारे २.५ गिगाबिट प्रति सेकंद येतात आणि स्प्लिटर लावून ते ३२ किंवा ६४ घरांना वाटले जातात. स्प्लिटरला वीज लागत नाही, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. मधल्या रस्त्यावर लाइट गेली तरी नेट चालू राहतं. फक्त कंपनीच्या केंद्रात आणि तुमच्या घरात वीज हवी. हिशेब केला तर ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोराने डाउनलोड केलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३८-३९ एमबीपीएस येतात, आणि तसं सहसा घडत नाही. म्हणजे संध्याकाळी वेग पडत असेल, तर अडचण बहुधा या तारेत नसून पुढे, ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून घेतलेल्या बँडविड्थमध्ये, म्हणजे एकूण क्षमतेत, असते.

दुसरी, इमारतीपर्यंत फायबर आणि तिथून पुढे निळी किंवा राखाडी लॅन केबल. जुन्या केबलवाल्यांकडून ब्रॉडबँडमध्ये आलेल्या अनेक स्थानिक ऑपरेटरांची रचना अशीच आहे. ती वाईटच असते असं नाही, पण तीन गोष्टी तपासा. लॅन केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. मधल्या स्विचला वीज लागते, म्हणजे इमारतीची वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट जाणार. आणि तो स्विच जुना, १०० एमबीपीएसच्या पोर्टचा असेल, तर तुम्ही २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या की ५०० चा, वेग ९४-९५ च्या पुढे सरकत नाही. असा आकडा दिसला की ओळखायचं, घोडं इथे पेंड खातंय.

तिसरी, तांब्याची जुनी टेलिफोन लाइन. एक्स्चेंजपासून जितकं लांब, तितका वेग कमी. तुमच्या भागात फायबर पोहोचलं असेल तर तांब्यावर नवी जोडणी घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो.

चौथी, हवेतून येणारं नेट. जिओ एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झालं. एअरटेलने त्याच्या महिनाभर आधी दिल्ली आणि मुंबईत सुरुवात केली होती. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर अँटेना बसवतात, टॉवरवरून ५जी सिग्नल घेतात आणि घरात वायफाय देतात. जिथे फायबर नाही तिथे हे वरदानच आहे: शहराच्या कडेच्या नव्या वस्त्या, बंगले, भाड्याची घरं. पण फायबर मिळत असताना फक्त लवकर बसतं म्हणून हे गळ्यात मारून घेऊ नका. टॉवरवर गर्दी वाढली की वेग उतरतो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) खालीवर होतो, आणि महिन्याच्या डेटाची मर्यादा फायबरपेक्षा बरीच कमी असते. कित्येकदा विक्रेता 'फायबर' या शब्दाखाली हेच विकतो, म्हणून सरळ विचारा: "घरात काचेची तार येणार की छतावर अँटेना?"

पायरी ३: किती वेग हवा, ते घरातल्या माणसांवरून ठरवा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. नेटफ्लिक्स स्वतः एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. व्हिडिओ मीटिंगला ४-५ एमबीपीएस पुष्कळ झाले. चौघांच्या घरात एक टीव्ही, दोन मीटिंगा आणि मोबाइल असं सगळं एकदम चालू धरलं तरी ४०-५० एमबीपीएसमध्ये भागतं. १०० एमबीपीएस घेतले की भरपूर मोकळीक राहते. ३०० आणि ५०० चे प्लॅन मोठ्या फाइली रोज चढवणाऱ्यांसाठी, गेमांचे जडशीळ अपडेट झटकन हवे असणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी तो पैसा चांगल्या राउटरवर घालवावा.

एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. १०० एमबीपीएसला आठने भागा: सेकंदाला साडेबारा एमबी. डाउनलोडच्या खिडकीत १२ दिसलं म्हणून कंपनीने फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका.

अपलोडचा वेग मात्र आवर्जून विचारा. घराबाहेर कॅमेरा असेल आणि तो चित्रण सतत क्लाउडवर चढवत असेल, तर १ एमबीपीएसच्या एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे १०.८ जीबी होतात, महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. दोन कॅमेरे म्हणजे साडेसहाशे जीबी, आणि घरातल्या कुणी अजून काही बघितलेलंही नाही. हवेतल्या जोडणीवर १००० जीबीची मर्यादा असेल, तर घरच्यांच्या वापरासह ती महिना सरायच्या आतच संपू शकते.

पायरी ४: बिलाचा खरा आकडा काढा

जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ३९९ चे होतात ४७०.८२, ४९९ चे ५८८.८२, ९९९ चे ११७८.८२. दोन कंपन्यांची तुलना करताना एकाचा करासह आणि दुसऱ्याचा कराशिवाय आकडा धरला जातो आणि तिथेच फसगत होते.

मग 'अनलिमिटेड'. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, म्हणजे रोजचे ११० जीबी. सामान्य घराला एवढे संपवणं अवघड आहे. ४के चित्रपट तासाला ७ जीबीपर्यंत खातो, म्हणजे रोज पंधरा तास बघावे लागतील. काही स्थानिक ऑपरेटर मात्र ५०० जीबीवर कात्री लावतात आणि मर्यादेनंतर वेग २ किंवा ४ एमबीपीएसवर आणतात. लक्षात घ्या, जानेवारी २०२३ पासून भारतात २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येत नाही. त्याआधी ही रेषा ५१२ केबीपीएसवर होती. मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती, हे दोन आकडे लेखी घ्या.

ओटीटीच्या बंडलांचा हिशेबही वेगळा मांडा. 'पंधरा अ‍ॅप मोफत' म्हणतात तेव्हा त्यातली घरात खरोखर किती बघितली जातात, ते कागदावर लिहा. दोन बघत असाल आणि त्यांची वर्गणी वेगळी भरून साधा प्लॅन स्वस्त पडत असेल, तर साधाच घ्या. बंडलमधली आवृत्ती बऱ्याचदा फक्त मोबाइलवर चालणारी किंवा जाहिरातींसह असते, तेही बघून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्याच दिवशी वर्षाचे पैसे भरू नका. बारा महिने भरले की दोन मोफत, इन्स्टॉलेशन माफ, राउटर फुकट, हे सगळं मोहात पाडणारं आहे हे मला ठाऊक आहे. ६९९ च्या प्लॅनचे करासह वर्षाचे ९,८९८ रुपये होतात. तेवढे एकदा त्यांच्या खिशात गेले की तक्रार करताना तुमच्या हातात काहीच उरत नाही. पहिला महिना किंवा फार तर तिमाही भरा, इन्स्टॉलेशनचे हजार-पंधराशे द्यावे लागले तरी द्या. एक पावसाळा नीट काढला की वर्षाचा प्लॅन खुशाल घ्या.

पायरी ५: स्थानिक ऑपरेटर की मोठी कंपनी?

या प्रश्नावर लोक भावनेने बोलतात. माझं मत असं, की दुरुस्तीच्या बाबतीत चांगला स्थानिक ऑपरेटर मोठ्या कंपनीला सहज मागे टाकतो. त्याचा दुरुस्तीवाला मुलगा त्याच पेठेत राहतो, कुठल्या खांबावर जोड आहे हे त्याला तोंडपाठ असतं, आणि फोन केला की तासाभरात शिडी घेऊन दारात. मोठ्या कंपनीत तक्रार शहराबाहेरच्या कॉल सेंटरमधून फिरून ठेकेदाराच्या माणसाकडे येते. याउलट मोठ्या कंपनीची बँडविड्थ मुबलक असते, गूगल-नेटफ्लिक्ससारख्यांचा मजकूर तिच्या स्वतःच्या केंद्रातच साठवलेला असतो, आणि रात्रीच्या गर्दीत वेग टिकतो.

स्थानिक ऑपरेटर घेणार असाल तर त्याचा परवाना कुणाचा आहे ते बघा. इंटरनेट सेवेचे परवाने वर्गवारीने दिले गेले आहेत: अ वर्ग देशभरासाठी, ब एका दूरसंचार मंडळासाठी, क त्याहून छोट्या भागासाठी. (दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे वेगळं मंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं.) बरेच केबलवाले स्वतः परवानाधारक नसतात, ते एखाद्या परवानाधारक कंपनीचे फ्रँचायझी म्हणून काम करतात. त्यात गैर काही नाही. फक्त बिलावर त्या मूळ कंपनीचं नाव, तुमचा ग्राहक क्रमांक आणि जीएसटी क्रमांक असला पाहिजे, आणि जोडणी देताना तुमची केवायसी झाली पाहिजे. कागदाच्या चिटोऱ्यावर 'नेट ५०० मिळाले' असं लिहून देणाऱ्याविरुद्ध उद्या दाद मागायला गेलात, तर सगळे हात वर करतील.

बीएसएनएलला विसरू नका. शहरात लोक नाक मुरडतात, पण तालुक्याच्या गावी, कोकणातल्या वाडीत, भारतनेटची (गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची) तार ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल तर तिथला स्थानिक भागीदार बीएसएनएलचं फायबर घरोघर देतो, आणि पुष्कळ ठिकाणी हा एकमेव धड पर्याय असतो. गावच्या घरासाठी चौकशी करताना आधी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेट चालतं का ते विचारा. तिथेच बंद असेल तर पुढे तुमच्याकडे येणार कुठून?

फोनवर किंवा समोर विचारायचे प्रश्न असे. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा:

- घरात फायबर येणार, लॅन केबल येणार की अँटेना?
- डाउनलोड आणि अपलोड दोन्हींचा वेग किती? मर्यादा किती, त्यानंतर किती?
- राउटर तुमचा की माझा? ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्हींवर वायफाय देणारा) आहे का? अनामत किती, परत कधी?
- इमारतीतल्या तुमच्या यंत्राला बॅटरी बॅकअप आहे का?
- रविवारी आणि रात्री आठनंतर दुरुस्ती होते का?
- स्थिर आयपी मिळतो का, किती रुपयांना?

शेवटचा प्रश्न सगळ्यांसाठी नाही. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवर तुमच्या जोडणीची ओळख पटवणारा क्रमांक. हे पत्ते कमी पडतात म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यामुळे बाहेरून घरातल्या संगणकात शिरायचं असेल, जुन्या पद्धतीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) गावाहून बघायचा असेल किंवा काही ऑनलाइन गेम खेळायचे असतील तर अडचण येते. हे काहीच करत नसाल तर स्थिर आयपीवर पैसे घालवू नका.

पायरी ६: जोडणीच्या दिवशी घरी थांबा

कामाची मुलं घाईत असतात. त्यांना एका दिवसात पुष्कळ घरं उरकायची असतात. म्हणून राउटर कुठे बसणार हे त्यांनी यायच्या आधी तुम्ही ठरवून ठेवा. ती दारातून आत आलेल्या तारेच्या टोकाला, म्हणजे चपलांच्या कपाटावर, राउटर ठेवून निघून जातात, आणि मग आतल्या खोलीत मुलाचा ऑनलाइन क्लास अडकत राहतो. आपल्याकडच्या आरसीसी भिंती आणि विटांच्या जाड भिंती वायफाय गिळतात. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण एक-दोन भिंतींपलीकडे तो दम टाकतो, २.४ लांब जातो, पण दाट वस्तीत शेजारच्या वीस राउटरांच्या गोंगाटात सापडतो. घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, टीव्हीच्या मागे नको आणि कपाटात तर नकोच. दहा मीटर तार जास्त लागली तर तिचे पैसे द्या. टीव्ही आणि ऑफिसच्या टेबलाला शक्य असेल तर लॅन केबलनेच जोडा. कितीही भारी राउटर त्याची बरोबरी करत नाही.

फायबर ओढताना ते दाराच्या फटीत चेपलं जात नाही ना, कोपऱ्यावर काटकोनात मोडलं नाही ना, हे बघा. आतली काच तडकली तर नेट एकदम बंद पडतंच असं नाही. प्रकाश थोडा थोडा गळतो आणि नेट कधी चालतं, कधी नाही. असा बिघाड शोधताना नाकीनऊ येतात.

म्हणून निघण्यापूर्वी त्या मुलाला सांगा, "ऑप्टिकल पॉवर किती येते ते दाखव." त्याच्याकडे छोटा मीटर असतो, किंवा ओएनटीच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर म्हणून आकडा दिसतो. तो उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका प्रकाश जास्त. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या आसपास असेल तर आजच सांगा की जोड पुन्हा कर, कारण पहिल्याच पावसात ही लाइन मान टाकणार. आकड्याचा फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी नेट गंडलं की जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून दाखवता येतो, आणि "तुमच्या मोबाइलमध्येच प्रॉब्लेम आहे" हे उत्तर ऐकून घ्यावं लागत नाही.

डब्यावरचे दिवेही त्याच वेळी समजून घ्या. 'पॉन' हिरवा आणि स्थिर असला की तार ठीक. 'एलओएस' लाल लुकलुकतोय म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही, तार कुठेतरी तुटली आहे. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही. पॉन हिरवा पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, म्हणजे अडचण खात्यात किंवा कंपनीच्या केंद्रात. तक्रार करताना एवढं सांगितलंत तरी पुढचा माणूस नेमकी तयारी करून येतो.

पायरी ७: पहिला महिना परीक्षेचा

सकाळी अकराला मोजलेला वेग काही सांगत नाही. रात्री नऊ ते अकरा मोजा, आणि शक्यतो लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून मोजा, म्हणजे वायफायचा दोष बाजूला पडतो. स्पीडटेस्टच्या अ‍ॅपमध्ये बरेचदा त्याच कंपनीचा जवळचा सर्व्हर आपोआप निवडला जातो आणि आकडा गोड दिसतो. दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून पुन्हा मोजा. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, तेही बघा. तिन्हींत मोठी तफावत असेल तर ऑपरेटरची बाहेरची जोडणी अपुरी आहे.

पिंगही तपासा. चांगल्या फायबरवर पुण्या-मुंबईत तो साधारण २० मिलिसेकंदांच्या आत राहतो. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत २०० च्या वर जातो तो अंतरामुळे, त्याचा दोष कंपनीला नाही. महत्त्वाचं हे की तो स्थिर आहे का. १५, १६, १५, मग अचानक ३००, असं होत असेल तर मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटणार, मग प्लॅन ५०० चा का असेना.

या महिन्यात एकदा मुद्दाम तक्रार क्रमांकावर फोन करून बघा, एखादी छोटी शंका विचारायला. फोन किती वेळात उचलतात, मराठीत किंवा हिंदीत नीट बोलतात का, तक्रार क्रमांक देतात का, हे बिघाडाच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

वीज गेल्यावर काय?

राउटर आणि ओएनटी बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठीचा छोटा डीसी यूपीएस दीड-दोन हजारांत मिळतो आणि काही तास निभावून नेतो. घरून काम करणाऱ्यांनी तो जोडणीबरोबरच घ्यावा. दोन्ही डब्यांचे व्होल्ट आणि अँपिअर अ‍ॅडॉप्टरवर वाचूनच खरेदी करा. आणि ज्यांची नोकरीच नेटवर आहे त्यांनी मोबाइलचं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवावं. घरचं फायबर आणि मोबाइल एकाच कंपनीचं असेल, तर तिचं जाळं कोसळल्यावर दोन्ही एकदमच जातात.

सोसायटीच्या कमिटीने एवढं करावं

कुठल्याही एका कंपनीशी 'फक्त आमच्याच तारा' असा करार करू नका. सुरुवातीला सोसायटीला थोडे पैसे मिळतात, पण सभासद कायमचे एकाच्या दावणीला बांधले जातात. दोन-तीन सेवा येऊ द्या. मात्र प्रत्येकाकडून लिहून घ्या की तारा डक्टमधूनच जातील, प्रत्येक तारेवर फ्लॅट क्रमांक असेल, जोडणी बंद झाली की तार काढली जाईल, आणि लिफ्टच्या खोलीतून वीज घेतली जाणार नाही. नवं घर घेणाऱ्यांनी बिल्डरला डक्टबद्दल आधीच विचारावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम केले, ते याचसाठी.

तक्रार आणि निरोप

तक्रार आधी कंपनीकडे करा आणि क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्तीवाल्या मुलाला सांगितलंत तरी अधिकृत नोंद करा, कारण पुढे हिशेब त्या नोंदीपासून सुरू होतो. दुरुस्ती तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळली तर बिलात सूट देण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे. ती सहसा आपणहून मिळत नाही. क्रमांक आणि तारखा लिहून मागावी लागते. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्रं लिहिण्यात वेळ घालवू नका. त्यापुढे दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे: दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

सेवा बदलायची असेल तर मोबाइलसारखं 'पोर्ट' करण्याची सोय घरच्या ब्रॉडबँडला नाही. जुनी बंद करून नवी घ्यावी लागते, म्हणून नवी नीट चालू होऊन आठवडा गेल्यावरच जुनी सोडा. बंद करण्याची विनंती ईमेलने करा. नुसतं रिचार्ज थांबवलं म्हणजे खातं बंद झालं असं पोस्टपेडमध्ये होत नाही, बिलं येत राहतात. राउटर आणि अ‍ॅडॉप्टर परत देताना त्यांच्या मागच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, घेऊन जाणाऱ्याची सही आणि तारीख असलेली पावती घ्या, आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत ती पावती जपून ठेवा.